वळशाची वाट
शेळ्यांच्या कळपाचा वास आला की नामांतराच्या दिवसांतली ती सकाळ आठवते. ताईला बाळ झालं होतं, पण आंदोलनामुळं देवगाव रंगारीचा रस्ता बंद होता. वाळूजच्या कारखान्यात जायच्या माझ्या साध्या स्कूटरवर आईला मागं बसवून मी डोंगरातून निघालो. दोन वाटा फुटल्या तिथं शेळ्या चारणाऱ्या मावशीला सोपी वाट विचारली. ती म्हणाली, “खिंडीत लई दगडं हायेत. वळशानं जा, म्हातारीला सोसंल.” त्या वाटेवर सगळीकडं सोनकीची पिवळी फुलं होती. आईनं तीनदा थांबायला लावलं. पोचल्यावर बाळाला मांडीवर घेत ती म्हणाली, “नामांतर लवकर होऊ दे, पण रस्ता परवापर्यंत बंदच राहू दे. जाताना बी तिकडूनच जाऊ.” आता मी तिच्या वयाचा झालोय, मुलानं गाडी काढली की मीही लांबचीच वाट सांगतो.