अण्णांच्या पायावरचा खड्डा

मी घाबरले की भांडते. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जुना दमा होता, त्यामुळे वर्षानुवर्षं मी त्यांच्याशी भांडतच होते. बिडी सुटली, पण भिक्षुकी करणाऱ्या माणसाचा होमाचा धूर कसा सुटणार? काशीतल्या दुर्गाघाटावरच्या आमच्या दोन खोल्यांत त्यांचा श्वास कुठूनही ऐकू यायचा. पोळ्या लाटतानाही माझा कान तिकडेच असे. छातीतली शिट्टी जरा वाढली की माझं लाटणं थांबायचं. त्यांचा आजार आपल्याला पुरता कळतो, अशी माझी समजूत होती.

नव्वदच्या दशकातला एक पितृपक्ष. अण्णांना रोज कुठे ना कुठे श्राद्धाचं जेवण होतं. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर ते थांबू लागले. आडवं झालं की गुदमरायला होतं म्हणून भिंतीला टेकूनच झोपू लागले. दमा वाढलाय, डॉक्टरकडे चला, असं मी म्हटलं. पक्ष संपू दे, म्हणाले. त्यावरून आमचं वाजलं.

एका दुपारी शेजारच्या काकूंनी मला गल्लीत गाठलं. आदल्या दिवशी त्यांच्याकडे श्राद्ध होतं. काकांनी रीतीप्रमाणे अण्णांचे पाय धुतले होते आणि काकू पाणी घालत होत्या.

"अगं, यांचा अंगठा दाबला गेला तिथे गड्ढाच पडला," त्या म्हणाल्या. "भरेचना. श्राद्धाच्या दिवशी ब्राह्मणाला काय विचारणार? आम्ही गप्प बसलो."

मला त्यांचा राग आला, आणि लगेच स्वतःची लाज वाटली. महाराष्ट्रात मुली वडिलांना वाकून नमस्कार करतात. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या काशीत राहून इथलं उचललं. मुलगी म्हणजे देवी, तिचा हात बापाच्या पायाला लागू द्यायचा नाही. चुकून लागलाच तर अण्णा मलाच हात जोडत. अर्ध्या मोहल्ल्याने धुतलेले ते पाय मी कधी हातात घेतले नव्हते.

घरी आले तर ते भिंतीला टेकून बसले होते. धोतराखालचे घोटे सुजले होते. रोज समोर असून मला ते आजवर दिसले नव्हते. मी खाली बसून एक पाय धरला. त्यांनी तो ओढून घेतला, तेवढ्यानेही त्यांना धाप लागली. मी पुन्हा धरला, घोट्याच्या वर अंगठा दाबला आणि उचलला. कणकेत बोट रुतावं तसा खड्डा तिथेच राहिला. त्या दिवशी भांडायचंही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच डॉक्टरकडे निघालो. आमच्या गल्लीत गाडी शिरत नाही. शेजारचे लोक खुर्चीत बसवून न्यायला तयार होते, पण अण्णा ऐकेनात.

"या गल्लीतून खांद्यावरून माणूस एकाच ठिकाणी जातो," ते म्हणाले. "मी चालेन."

ओट्या-ओट्यावर टेकत ते चालले. ओठ जांभळे पडले होते. मी त्यांचा दंड घट्ट धरला होता आणि इथेच कोसळले तर काय करू, याखेरीज मनात दुसरं काही नव्हतं.

डॉक्टरांनी मानेच्या फुगलेल्या शिरा पाहिल्या, पाय दाबले, छातीचा फोटो आणि ईसीजी काढून घेतला. मग मला बाजूला बोलावलं.

"फेफड़े तो पुराने बीमार हैं. अब दिल पर ज़ोर पड़ रहा है."

खराब झालेल्या फुप्फुसांत रक्त ढकलता ढकलता हृदयाची उजवी बाजू थकली होती, म्हणून पायांत पाणी उतरत होतं. इतकी वर्षं मी छातीतली शिट्टी ऐकत बसले आणि तिच्या शेजारचं हृदय माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. मीठ कमी, लघवीच्या गोळ्या, घरी ऑक्सिजनचा सिलिंडर. बरे होतील ना, असं विचारलं, तर सांभाळावं लागेल, एवढंच डॉक्टर म्हणाले. रोज सकाळी पाय दाबून खड्डा किती आकड्यांत भरतो ते मोजायला सांगितलं.

मग रोज सकाळी मी त्यांच्या पायाशी बसू लागले. अण्णा ओशाळून छताकडे बघत. पण पायाला हात लागला की आशीर्वाद द्यायची त्यांची जन्माची सवय.

"दीर्घायुषी हो," ते म्हणत. एवढ्यातही मध्ये त्यांना एकदा श्वास घ्यावा लागे. मी मान वर करत नसे. आकडे मोजत असे, कारण खड्डा अजून भरलेला नसे.