कऱ्हेकाठचा पांढरा थर

बशीर मास्तर गेल्याचं मला इंदापूरच्या एसटी स्टँडवर कळलं. बारामतीच्या गाडीच्या कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता सांगितलं. दफन आदल्या दिवशीच झालं होतं... मी गाडीतून खाली उतरलो. जाऊन करणार काय होतो?

बारामतीच्या शाळेत ते भूगोल शिकवत, मी रसायन. रविवारी मोरगावकडे कऱ्हेकाठी त्यांच्यामागं पायपीट करावीच लागे, नाही म्हटलं तर रुसत. अशाच एका रविवारी दरडीत त्यांना पांढरट मातीची रेघ दिसली. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली मी चिमूटभर धरली, तर काचेचे बारीक कण! कुठल्या तरी दूरच्या ज्वालामुखीची राख. तिच्याखाली माणसानं घडवलेली दगडी हत्यारंही सापडली. पण शेजारीच वीटभट्टीसाठी काठ खणत होते. मास्तरांची झोप उडाली.

"एकट्याचं काम न्हाय हे," ते म्हणाले. "दगडवाला, हत्यारंवाला आन् तुझ्यासारखा बाटलीवाला एका जागी उभा ऱ्हायला, तरच दरड वाचंल."

वर्षभर पत्रं लिहून त्यांनी पुण्याहून दोन विद्वान आणले, एक भूगर्भाचे, एक पुरातत्त्वाचे. त्यांना थर नीट दिसावा म्हणून आम्ही दोघांनी आधी दोन दिवस दरड खरवडून लख्ख केली. विद्वान आधी भांडले, मग हरखले, आणि दरड राखून ठेवावी अशा सरकारी अर्जावर आम्हा चौघांच्या सह्या झाल्या. अर्ज मात्र या खात्यातून त्या खात्यात फिरत राहिला. दगडवाले म्हणत, ही हत्यारांची बाब. हत्यारंवाले म्हणत, ही मातीची.

काही महिन्यांनी गेलो, तर थराच्या जागी हात जाईल तिथवर पोकळी. एक बाई टोपली भरत होती. "भांडी घासाया लई झ्याक हाय," ती म्हणाली. "इतकी वरसं ठावं नव्हती. तुमीच साफ करून दावली, मास्तर."

मास्तर रागावले नाहीत. त्यांनी टोपली तिच्या डोक्यावर चढवून दिली. पुन्हा कधी ते नदीकडे गेले नाहीत. पहिल्या दिवशीची राख तेवढी बिस्किटाच्या डब्यात उरली होती, तिला मलाही हात लावू देत नसत.

मास्तरांच्या चाळिसाव्या दिवसाला त्यांच्या घरी गेलो. ओसरीवर तांब्याची भांडी उन्हात झळकत होती. भाभींनी पाणी दिलं.

"ह्यांच्या डब्यातल्या मातीनं घासली, भावजी. लई चांगली निघाली. संपली बगा आता... कुठं मिळंल?"

 मी पेला दोन्ही हातांनी धरून सगळं पाणी प्यालो.