चार मिनिटांचं दळण

सिनेमा संथ आहे असं जो कोणी म्हणेल त्याच्याशी त्या आठवड्यात मी भांडत होते. बसमध्ये भांडले, शाळेत भांडले, घरी नवऱ्याशी तर रोजच. एरवी सिनेमासाठी वाद घालणारी बाई मी नव्हे. पण त्या तीन तासांच्या ऐतिहासिक सिनेमात चार मिनिटं माझी आत्या होती, आणि लोकांना नेमकी तीच चार मिनिटं नको होती.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. कर्नाटकात, आमच्या आळंदजवळ निंबर्ग्याला राहते, सत्तरी ओलांडून बरीच वर्षं झाली. दोन वर्षांमागे सिनेमावाले जुनी गढी शोधत आमच्या भागात आले. त्यांना जात्यावर ओव्या म्हणणारी म्हातारी हवी होती. गोष्टीत लढाईच्या आदल्या दिवशी फौजेसाठी राजवाड्याच्या मुदपाकखान्यात दळण चालतं आणि राजाची आई वरच्या सज्जात उभी राहून ते ऐकते. बोलणं काही नाही, नुसती ओवी. गावात कुणीतरी आत्याचं नाव सांगितलं आणि ती माणसं तिच्या दारात येऊन उभी राहिली.

मी शाळेत रजा टाकून शूटिंग बघायला गेले होते. गढीच्या दारातच सगळ्यांचे मोबाईल काढून एका पेटीत ठेवून घेतले. आत एवढे दिवे, एवढे पडदे, पितळेच्या एवढ्या समया, की बघून डोळे दिपले. दिग्दर्शक आत्याला म्हणाला, "आजी, आधी नुसतंच जातं फिरवून दाखवा, दाणे नंतर टाकू." आत्यानं खुंट्यावरचा हात काढून घेतला. "रिकामं जातं फिरवत न्हाईत, बाबा. अवलक्षण असतंय." त्यांनी समजावलं, विनवलं, शेवटी एक माणूस गाडी घेऊन आळंदला गेला आणि जोंधळे घेऊन आला. तोवर शंभरएक माणसं ताटकळत बसून होती. मला त्या दिवशी आत्याचा फार अभिमान वाटला.

तिनं जी ओवी म्हटली ती तिची स्वतःची. पंचमीला न्यायला येणाऱ्या भावाची. लग्न होऊन सासरी आल्यापासून ती एकेक कडवं जोडत आलेली.

ओढ्याच्या पल्याड, दिसे धूळ ही गाडीची
माझ्या बंधवाची वाट, आडवळणी झाडीची

अशी सुरू होते. मग भाऊ ओढ्यात उतरतो, बैलांना पाणी पाजतो. मग चावडीपाशी थांबतो, तिथं लोक त्याला कुठला कोण म्हणून विचारतात. मग गल्लीत येतो. शेवटच्या कडव्यात ठेंगण्या दारातून मान वाकवून आत शिरतो आणि बहीण त्याच्या पायांवर पाणी घालते. सगळी ओवी म्हणायला चार मिनिटं लागतात, कारण तेवढा वेळ त्याला यायला लागतो. माझे वडील कॅमेऱ्यामागं खुर्ची टाकून बसले होते. ओवी संपल्यावर म्हणाले, "अक्का, दरवर्षी तू मला लांबूनच आणायलीस. ह्या म्हाताऱ्याला एखादी मोटार तरी दे की." आत्या लटक्या रागानं म्हणाली, "बैलगाडीनंच यायचं. मोटारीतून येणारा भाऊ मला नगं."

पुढच्याच वर्षी वडील गेले.

आमच्याकडच्या बायका भाऊ गेल्यावर त्याच्या येण्याची ओवी म्हणत नाहीत. गेलेल्याला पुन्हा वाटेला लावायचं नसतं, असं म्हणतात. आत्यानंही ती ओवी सोडली. मी एकदा, मूर्खासारखी, मोबाईल पुढे करून म्हटलं, आत्या, एकदाच म्हण, मी भरून ठेवते. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी मोबाईल पिशवीत टाकला. आयुष्यभर ती ओवी ऐकली, वडील जिवंत असताना हजार वेळा ऐकली, आणि एकदाही भरून घ्यायचं सुचलं नाही. म्हणजे आता ती एकाच ठिकाणी उरली होती, त्या सिनेमात.

सिनेमा लागणार असं कळलं तेव्हा आत्याचा फोन आला. राजा कोण झालाय, राणी कोण, तिला काही नको होतं. "माझ्या भावाची ओवी ठिवलीय का काढलीय, तेवढं बघून सांग."

पहिल्या रविवारी मी आणि नवरा सीमेपलीकडे, महाराष्ट्रात उमरग्याला गेलो. ओवी होती. अख्खी होती. आत्याचे हात, जात्याच्या तोंडातून पडणारं पीठ, आणि तिचा तो जरा घोगरा आवाज सगळ्या थेटरात भरून राहिलेला. मी पदर तोंडाला लावून रडले. तेवढ्यात मागून कुणीतरी शिट्टी मारली. दुसरा ओरडला, "आरं, गिरणीतून दळून आणा की!" सगळं थेटर हसलं. शेजारी माझा नवरा, बँकेतला जबाबदार अधिकारी, मान टाकून घोरत होता.

बाहेर एक तरुण मोबाईल घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्यांची मतं विचारत होता. माझ्यासमोर मोबाईल आला आणि मी काय बोलले? "छान आहे. भव्य आहे. पण थोडा लांबलाय, जरा कापला असता तर बरं झालं असतं." मला दरबारातली ती लांबलचक भाषणं म्हणायची होती, पण तसं म्हटलं नाही. आपलं माणूस आत आहे म्हणून आपण कौतुक करतोय असं वाटू नये, म्हणून शहाणपणानं तोलूनमापून बोलले. त्या वाक्याची मला अजून लाज वाटते.

आठवडाभर आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत तोच विषय. इतिहासाचे सर सिनेमाच्या बाजूचे. हत्ती मोजून आलेले, झुंबरं मोजून आलेले. "काय ती वस्त्रं, काय ते दागिने! असं वैभव पडद्यावर यायलाच पाहिजे." विज्ञानाच्या बाई विरुद्ध बाजूच्या. "वैभव असू दे हो, पण कुणी जागचं हलायलाच तयार न्हाई. एक माणूस जिना उतरायलाय तर उतरायलाच." दोघांची रोज जुंपायची, डबे तसेच राहायचे. मी सरांच्या बाजूनं होते, तोवर ते म्हणाले, "तो दळणाचा भाग सोडला तर मात्र कुठं बोट ठेवायला जागा नाही." विज्ञानाच्या बाई लगेच, "तेच तर म्हणायलेय मी! चार मिनिटं नुसतं पीठ!" आठवडाभर एकमेकांशी भांडणारी ही दोन माणसं तेवढ्यावर एक झाली. झुंबरं बघायला यांना वेळ आहे, हत्ती बघायला आहे, ज्या भाकरीवर ती फौज लढली तिचं पीठ पडताना बघायला नाही. मी म्हटलं, ती दळणारी माझी आत्या आहे. सर लगेच म्हणाले, "नाही, तसं काम चांगलंच केलंय त्यांनी." मला ती दया नको होती.

दुसऱ्या रविवारी मी आत्याला घेऊन गेले. उमरगा लांब पडतं, तिचे गुडघे दुखतात, आणि सिनेमा आता आळंदलाही लागला होता. मीच म्हटलं, इथंच बघू. आत्या इरकली लुगडं नेसून, बुगड्या घालून आली. आम्ही दुपारच्या खेळाला बसलो. जात्याचा प्रसंग आला, आत्याचा चेहरा पडद्यावर आला, तिनं ओठ उघडले, आणि एका कोवळ्या गोड आवाजात कन्नड गाणं सुरू झालं. मागं सारंगी. भूमीसाठी लढणाऱ्या लेकरांचं गाणं. भाऊ नाही, ओढा नाही, काही नाही.

आळंदला सिनेमा कन्नडमध्ये लागला होता. दारावरचं पोस्टर मी तीनदा वाचलं होतं. ते कन्नडमध्ये होतं, मला ते समजलं, आणि आपण कुठल्या भाषेत वाचलं हे माझ्या ध्यानातच आलं नाही. भाजी कन्नडमध्ये घ्यायची, भांडण मराठीत करायचं, कचेरीतल्या जुन्या कारकुनाशी उर्दूत गोड बोलायचं, यात उभा जन्म गेला. सिनेमा कुठल्या भाषेत आहे हे आमच्याकडे कुणी विचारत नाही, कारण विचारायची वेळच येत नाही. सीमेपलीकडच्या कुठल्याही बाईनं ही चूक केली नसती. मी, मराठी शिकवणारी बाई, ती करून बसले.

आत्यानं गाणं संपेपर्यंत ऐकलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "गोड म्हनलीय पोरगी. पर त्वांड माझं हाय, मग भाऊ कुठाय?"

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "एवढं काय मनाला लावून घेतेस? महिन्या-दोन महिन्यांत मोबाईलवर येईलच." मी म्हटलं, "अहो, तुम्ही झोपला होतात. तुम्ही बोलू नका." सोमवारची रजा टाकली आणि आत्याला घेऊन सकाळची उमरग्याची बस पकडली. खड्ड्याखड्ड्याला ती गुडघा धरत होती, पण हूं की चूं केलं नाही.

तिकिटाच्या खिडकीत बसलेला माणूस मला बघून खुशीत म्हणाला, "आता बघायला मजा येईल बघा, ताई. परवापासून नवा, छोटा केलेला आलाय. पंचवीस मिनिटं कमी केलीत. पब्लिक लय कंटाळायलं होतं. मोबाईलवर सगळ्यांनी तेच सांगितलं, कापा म्हणून."

मी म्हटलं, काय काय कापलंय? "ते काय आम्हाला ठाऊक न्हाई. वरूनच तसं येतंय." आत्यानं विचारलं, काय म्हणायलाय गं? मी म्हटलं, काही नाही, चल.

थेटरात आम्ही धरून अकरा माणसं होती. दरबारातली भाषणं होती तशी होती, त्यातला एक शब्द कमी नव्हता. हत्ती होते. झुंबरं होती. मग मुदपाकखाना आला. आत्यानं माझा हात धरला. तिचे हात पडद्यावर, पीठ पडायला लागलं, आणि तिचा आवाज सुरू झाला. तिचाच. ओढ्याच्या पल्याड गाडीची धूळ दिसली. आत्या पडद्याबरोबर नुसते ओठ हलवत होती, आवाज न काढता. भाऊ ओढ्यात उतरला. बैलांनी पाण्यात तोंड घातलं.

आणि धाडकन तुताऱ्या वाजल्या. घोडे उधळले. लढाई सुरू झाली.

मी अंधारात मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या दिल्या. शिट्टी मारणाऱ्याला, सरांना, विज्ञानाच्या बाईंना, झोपलेल्या नवऱ्याला, कापणाऱ्या त्या अनोळखी माणसाला, आणि मोबाईलसमोर शहाण्यासारखी बोललेल्या मलाही. एकानंही त्या कडव्यातल्या माणसाला घरापर्यंत येऊ दिलं नव्हतं.

आत्याला ते अजून कळलं नव्हतं. ती वाट बघत होती. तिला वाटलं, लढाई संपली की परत जातं लागेल. तलवारी चालल्या, माणसं पडली, राजा जखमी झाला, तरी ती पुढं सरकून बसलेली. मध्यंतर झाल्यावर दिवे लागले. तिनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, आता नाही म्हणून.

तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, आणि समोरच्या पांढऱ्या पडद्याकडे बघून चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "कामून रं बाबांनो? घरापातुर तरी येऊ द्यायचं हुतं त्येला. तुमाला एवढी कशाची घाई झालती?"