थुंकीच्या नळ्या आणि आम्ही

चोपड्याच्या वरच्या गावांत आम्ही शाळाशाळांतून पोरांची थुंकी गोळा करतो. सिकल सेल म्हणजे रक्तातला, अंग ठणकवणारा आजार. सुई टोचायला नको म्हणून तो थुंकीतल्या जनुकांवरून तपासायचा. नळ्या लॅबला जातात, किस्से माझ्याकडे राहतात. आता नळ्यांपेक्षा तेच जास्त झालेत!

* * *

पहिल्याच शाळेत पोरं गाल फुगवून उभी. कुणी थुंकेना. मागे वळून बघते तर भिंतीवर हेडमास्तरांच्याच अक्षरात, 'येथे थुंकू नये'. शेवटी सरांनी त्यावर स्वतःचा टॉवेल टांगला. तेव्हा कुठे वर्ग मोकळा झाला.

* * *

आमच्या गाडीचे ड्रायव्हर नाना म्हणाले, पोरांना चिंच दाखवा, तोंडाला पाणी सुटेल. नळी भरायच्या आधी अर्धा तास काही खायचं नसतं, म्हणून नुसती दाखवायची ठरली. पोरं शहाणी, कुणी हात लावला नाही. चिंच मात्र संपली. नाना खिडकीबाहेर बघत होते.

* * *

माझंही सांगते. कसं थुंकायचं ते मी पोरांना स्वतः एका नळीत थुंकून दाखवलं. आठ दिवसांनी लॅबमधून फोन, "मॅडम, पहिलीतला गणेश मुलगी आहे का?"

मी म्हटलं, छे हो, चांगला मुलगा आहे! मग ॲप्रनच्या खिशात हात घातला. गणेशची नळी तिथेच होती.

* * *

आता जमुनाला सिकल सेलच्या गोळ्या सुरू झाल्यात, म्हणून हे हसून सांगता येतं. तिसरीतली पोर, सारखे हातपाय दुखायचे, रडायची. रिपोर्ट आला, नुसती वाहक. म्हणजे आजार पुढच्या पिढीत जाऊ शकतो, पण हिला स्वतःला त्रास नाही. डॉक्टर चक्रावले, मग ही रडते कशानं? परत नळी घ्या म्हणाले.

मी तिच्या घरी गेले. जमुना नळीकडे बघून म्हणाली, "मागली थुंकी ते मायनी व्हती."

शाळेत नळी घेतली त्या दिवशी तापानं पोरीचं तोंड कोरडं पडलेलं. मी दुसऱ्या रांगेकडे वळले तेवढ्यात सोबत आलेल्या आईनं नळी भरून दिली होती. मी रागवायला तोंड उघडलं, गणेश आठवला, आवाज खाली आला. म्हटलं, अहो, असं का केलंत?

ती माझ्याकडे बघतच राहिली. इतकं शिकून हिला एवढं कळत नाही, असं.

"मन्हाच पोटनी शे ना ती, ताई. मंग तिनी थुंकी येगळी कशी राही?"