राजीखुशी

चौथीचा निकाल लागला त्या दिवशी दादा बाबांना म्हणाला, "पोरीला आजून शिकवून काय करायचं हाय? घरात धाकट्यांना कोन बघंल?" बाबांनी मान डोलावली. माझं दप्तर माळ्यावर गेलं. मी काही बोलले नाही, आणि पुढे चारचौघांत बोलायची सवयच राहिली नाही.

माझ्या मुलीने पनवेलच्या कॉलेजात तत्त्वज्ञान घेतलं तेव्हा दादा हसला. "त्यानं भाकर भाजते काय, बाय?" मी हसले नाही. मुलगी ओट्यापाशी बसून मोठ्याने वाचायची, मी कोलंबी सोलत ऐकायचे. सगळे मानतात म्हणून एखादी गोष्ट खरी होते का? की कुणी विचारत नाही म्हणून ती चालून जाते? माझा हात तिथेच थांबायचा.

मग बाबा गेले. आमच्याकडे बहिणी जमिनीवरचा हक्क भावाला सोडून देतात. तसं केलं की माहेर टिकतं, म्हणतात. दादाने कागद करून मला रजिस्ट्रार कचेरीत नेलं. वहिनीने माझ्यासाठी साडीसुद्धा आणून ठेवली होती.

साहेबांनी मान वर न करता विचारलं, "राजीखुशीने हक्क सोडताय ना?"

"हो साहेब, खुशीनंच," दादा म्हणाला.

"त्यांना बोलू द्या."

मी टेबलापाशी सरकले. "साहेब, माझी खुशी याला कशी कळली? मला तर कोनी विचारलंच नाय."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं.

"येडी झाली काय, बाय? रीत हाय आपली!" दादा खेकसला.

"कोनी ठरवली?"

"माहेर तुटंल तुजं."

"शालेतून काडलंस तवा जोडलेलं होतं काय, दादा?"

साहेबांनी कागद परत केले आणि पुढच्याला बोलावलं. दादाच्या कपाळावर घाम आला होता. मी तो डोळे भरून पाहिला. इतकी वर्षं मी खाली बघत आले, त्या दिवशी नाही बघितलं.

त्यानंतर दादा तीनदा घरी आलाय. मी चहा देते, बिस्किटं ठेवते. मग हळूच विचारते, "मी हुशार होते, मग माजी शाला का बंद केलीस? उत्तर दे, लगेच सही करते." तो कपातला चहा तसाच टाकून उठतो. मुलगी म्हणते, आई, पुरे आता.

मला अजून पुरे वाटत नाही.