दणकट क्लच

आमच्या अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, डावा गुडघा पार झिजलाय. ऑपरेशन दसऱ्यानंतर करायचं ठरलं, तेव्हा त्यांनी डॉक्टरांसमोरच जाहीर केलं, "दसऱ्याला माझी गाडी मी चालवणार. मग काय कापायचं ते कापा."

ही गाडी म्हणजे दोन सीटची, बिनटपाची, लाल विलायती स्पोर्ट्स कार. तरुणपणी त्यांनी ती भंगारातून उचलली होती. आता क्लचप्लेट जळून दारात बसलेली. आमच्याकडे दसऱ्याला पूजा झाली की गाडी स्वतःच्या जोरावर गल्लीबाहेर गेली पाहिजे, ढकललेली चालत नाही. मीही हट्टाला पेटले. मॉडेल बघून प्लेट थेट इंग्लंडहून मागवली.

शाहूपुरीतल्या गॅरेजात मिस्त्री ती गिअरबॉक्सच्या दांड्यावर चढवायला गेले, तर चढेना! प्लेटच्या मधले दाते आणि दांड्यावरचे दाते जुळेचनात. मी त्या इंग्लंडच्या दुकानदाराच्या नावानं शंख करत होते आणि अण्णा निवांत चहा पीत म्हणाले, "बसंल कशी? गिअरबॉक्स जीपचा हाय की त्यो."

"काय?"

"जुना फुटलाता. मीच बसवला. इतकी वर्षं पळाली न्हाय व्हय?"

"अहो, मग आधी नाही का सांगायचं!"

"तू इचारलंस कुठं?"

माझं डोकंच फिरलं. जीपची प्लेट आणली, ती दांड्यावर अलगद बसली, पण इंजिनाच्या बाजूला मावेना. मिस्त्री म्हणाले, "ताई, दसरा सोडा, दिवाळीला बघू." मी म्हटलं, दिवाळीला अण्णा वॉकर धरून चालत असतील. दसरा म्हणजे दसराच.

मग मी दोन्ही प्लेटा घेऊन उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपात गेले. जीपच्या प्लेटचा मधला भाग कापून इंग्लंडच्या प्लेटमध्ये रिव्हेट करून घेतला. पहिला जोड डुगडुगला. तिथंच उभं राहून पुन्हा करवून घेतला. शेवटी अण्णांनी फर्मान काढलं, "क्लचच्या स्प्रिंगा बी जीपच्याच घाला. बसवायचं तर दणकट." कोल्हापुरात दणकट म्हटल्यावर नको कोण म्हणणार? मिस्त्रींनी मान डोलावली, मीही.

दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. अण्णा फेटा बांधून स्टिअरिंगवर बसले. गाडी एका दमात सुरू झाली. गल्ली टाळ्या वाजवायला लागली. अण्णांनी क्लच दाबला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. जीपच्या त्या टणक स्प्रिंगा! पेडल अर्ध्यातच अडलं. त्यांनी दोनदा जोर लावला, गुडघा थरथरला. टाळ्या थांबल्या. मला वाटलं, आता हा माणूस रडणार.

"अण्णा, उतरा," मी म्हटलं, "आणि शेजारी बसा. पाय माझा, गिअर तुम्ही टाका."

ते गाडीला धरत धरत वळसा घालून डावीकडे येऊन बसले, मी स्टिअरिंगवर.

"दाब!" ते ओरडले. मी सगळं अंग टाकून दाबला. त्यांनी पहिला गिअर टाकला, दाते वाजू न देता. लिंबं फुटली, गाडी निघाली. "दाब!" दुसरा. "दाब की गं!" तिसरा.

कोपऱ्यावर सवयीनं माझा हात गिअरकडे गेला. त्यांनी फाटकन चापट मारली.

"हात काढ. गाडी मी चालवतोय."