तिला ती गोळी देऊ नका

माझा दादा धनुर्वाताने गेला. भांडुपला आमच्या चाळीमागे एक इमारत उठत होती, तिथे खेळताना त्याच्या पायात खिळा घुसला. आईने रक्त पुसलं, हळद दाबली, चिंधी बांधली आणि त्याला शाळेत पाठवलं. मालवणकडे तिच्या गावात सगळ्या आया तेच करत. काही दिवसांनी त्याचा जबडा मिटला तो उघडलाच नाही. साठीच्या दशकातली ही गोष्ट, मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन.

आईला कोणी काही बोललं नाही. बाबा तर अजिबातच नाही. ते कारखान्यातून येत, हातपाय धूत आणि भिंतीकडे तोंड करून बसत. दादाचं नाव घरात निघेनासं झालं. आई कामं उरकायची, पण तिला झोप नव्हती. मी पहाटे उठावं तर ती उंबऱ्यात बसलेली असायची, आदल्या दिवशीचंच लुगडं नेसून.

मग तिच्या अंगावर पित्त उठायला लागलं. हातावर, पाठीवर लाल गांधी यायच्या आणि ती नखांनी ओरबाडत राहायची. आमसुलाचं पाणी चोळून उतरेना, तेव्हा बाबा तिला नाक्यावरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी छोट्या गोळ्या दिल्या. "ह्यांनी जरा गुंगी येईल, घाबरू नका," असं म्हणाले. त्या दुपारी आई झोपली. संध्याकाळी उठली तेव्हा तिच्या गालावर चटईचे वळ होते.

"माका नीज इली गे," ती मला म्हणाली. एखादी हरवलेली वस्तू सापडल्यासारखा तिचा आवाज होता.

पित्त गेलं, गोळी राहिली. केमिस्टकडे जाऊन 'पित्ताची गोळी द्या' म्हटलं की ती मिळायची. चिठ्ठी मागायची की नाही हे दुकानदाराच्या मनावर होतं आणि पदर सावरून उभ्या असलेल्या गरीब बाईला कोण अडवणार? आईचं बोलणं हळूहळू जड झालं. ओठ सुकलेले असायचे. आमटीत ती दोनदा मीठ घालायची, कधी घालायचीच नाही. बाबा ताटातलं निमूट खायचे. शेजारणी म्हणायच्या, "झोपते बिचारी. झोपू दे."

एकदा मी शाळेतून आले तर आई स्टोव्हसमोर बसली होती. तोंड लालबुंद, डोळ्यांच्या बाहुल्या केवढ्या मोठ्या झालेल्या. हवेतून काहीतरी चिमटीने वेचून ती पदरात टाकत होती. मी हाक मारली तर तिने तोंडावर बोट ठेवलं.

"हळू बोल. तो थंय बसलो हा."

मी बघितलं. तिथे पाण्याचं पिंप होतं.

मी शेजारच्या काकूंना बोलावलं. चाळ जमली. हे बाहेरचं आहे, असं एकजण म्हणाली. कोणीतरी अंगारा आणून आईच्या कपाळाला लावला, तर तिने तो हात झटकला, कारण मधे उभ्या राहिलेल्या बाईमुळे तिला पिंपाकडचं दिसत नव्हतं. बाबा कामावरून आले, गर्दी बाजूला केली आणि टॅक्सी करून तिला इस्पितळात घेऊन गेले. टॅक्सीत आमच्यातलं कोणी त्याआधी बसलं नव्हतं.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी तिचे डोळे पाहिले आणि विचारलं, "कसली गोळी घेतात ह्या?"

"पित्ताची. साधीच आहे."

"सांगितली तेवढीच घेतली तर साधी. जास्त घेतली की माणूस भ्रमतो, नाही ते दिसायला लागतं. जीवसुद्धा जातो."

बाबांनी आवाज खाली करून विचारलं, "बाहेरचं काही नाही ना?"

"काही नाही. सगळं त्या गोळीचं आहे. ती ह्यांच्या हाती परत लागू देऊ नका."

आई शुद्धीवर आली, घरी आली. पुढच्या सुट्टीच्या दिवशी बाबा मला घेऊन निघाले. भांडुपची दुकानं झाली, मग मुलुंडची, मग घाटकोपरला स्टेशनबाहेरची. प्रत्येक काउंटरपुढे बाबा टोपी काढून उभे राहायचे आणि म्हणायचे, "माझी बायको येईल. तिला ती गोळी देऊ नका."

मुलुंडचे एक म्हातारे गुजराती केमिस्ट भले होते. म्हणाले, "भाऊ, नाही देणार. पण इतक्या बाया येतात, तुमची कुठली ते ओळखू कसा?"

बाबांनी सांगायला सुरुवात केली. "सावळी आहे. उंचीला माझ्या खांद्याएवढी. नऊवारी नेसते. हनुवटीवर गोंदलंय. चालताना डावा हात पाठीला लावते. बोलायला लागली की आधी हसते, मग..."

ते थांबले. "आता हसत नाही," म्हणाले.

केमिस्टने चष्मा काढून पुसला. बाबांना आईचं इतकं सगळं माहीत आहे, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं.

आईला कळायला वेळ लागला नाही. एका दुकानातून रिकाम्या हाताने परत आली, दुसऱ्यातून आली. तिसऱ्या दुकानदाराने तिला लोकांसमोर सांगितलं की तुमच्या मालकांनी मनाई केलीय. ती घरी आली आणि बाबांसमोर उभी राहिली. ओरडली नाही.

"तुमी माझ्या झिलाक दुसऱ्यांदा न्हेलात." झील म्हणजे मुलगा; गोळी घेतली की तिला दादा दिसायचा, हे मला तेव्हा कळलं.

त्यानंतर कित्येक महिने ती बाबांशी बोलली नाही. ताट वाढायची, पाणी द्यायची, शब्द नाही. झोप पुन्हा गेली. कामाला जाताना बाबा शेजारच्या काकूंना फक्त एवढं म्हणायचे, "जरा लक्ष असू द्या."

गणपती झाले, दसरा झाला. एका संध्याकाळी आई आणि मी दारात तांदूळ निवडत होतो. बाबा नेहमीसारखे भिंतीकडे तोंड करून बसले होते. तसेच, मान न वळवता, त्यांनी विचारलं,

"आंगात काय आसायचा तेच्या?"

आईचे हात थांबले. तिने सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "निळो शर्ट. तुमी गणपतीच्या चवतीक शिवून हाडलेलो."

"तो तेका आखूड झालेलो."

"होय. मनगटा दिसत."

"बोलायचो काय?"

"बोलाचो नाय. माझ्याकडे बघायचो पण नाय." आणि मग, अगदी हळू, "मी हळद लायलंय, म्हणान."

बाबा वळले. दादा गेल्यापासून पहिल्यांदा मी त्यांना आईकडे सरळ बघताना पाहिलं. ते म्हणाले, "मी पण हळदच लावलंय असतंय." आणि रडायला लागले. मोठा माणूस रडताना मी तोवर ऐकला नव्हता, मला भीती वाटली. आई उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली. तिने त्यांना हात लावला नाही, नुसती बसली.

आई बरी झाली, असं मी म्हणणार नाही. झोप तिला शेवटपर्यंत तुटक तुटकच लागली. माझं लग्न झालं त्यानंतरच्या वर्षी, सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस, ती हृदयविकाराने गेली. बाबा सांगायचे की शेवटच्या वर्षांत ती दोघं जेवणं झाल्यावर दादाविषयीच बोलायची. तो असता तर आता किती उंच असता, यावरून त्यांचे वाद व्हायचे.